गोव्याचा चुंबकीय अक्षांश जुळत नाही? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

गोव्यातल्या दोनापावला, ताळगाव पठार आणि हेडलँड सडा या संशोधन संस्थांच्या पट्ट्यात आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर), जीपीएस, अंटार्क्टिका किंवा समुद्री चुंबकीय सर्वेक्षणावर काम करणारी मुलं दर वर्षी नव्याने येतात, आणि दर वर्षी हाच गोंधळ घेऊन येतात. प्रोग्राम चालतो, कुठेही एरर येत नाही, पण चुंबकीय अक्षांश-रेखांश, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून ठरवलेले, भलतेच निघतात. हा बिघाड मी इतक्यांच्या संगणकावर सोडवला आहे, की आता आकडा ऐकूनच बहुतेक वेळा कारण सांगता येतं. ते आकडे आणि तपासणीचा क्रम इथे मांडतो.

लक्षणं

तुमची तक्रार यांपैकी कोणती आहे ते आधी ठरवा.

एकाच जागेचा चुंबकीय अक्षांश एका सॉफ्टवेअरमध्ये ७.६ अंश येतो, दुसऱ्यात ८ च्या पुढे, आणि एखाद्या शोधनिबंधात ९ च्या वर दिलेला असतो.

गोव्याचा चुंबकीय अक्षांश भौगोलिक अक्षांशाइतकाच, १५.५ च्या आसपास येतो. जणू रूपांतर झालंच नाही.

अक्षांश २४.८, उणे २३.२ किंवा थेट ७१ च्या वर येतो.

चुंबकीय रेखांश भौगोलिक रेखांशाच्या दुप्पट येतो.

गोव्याहून दक्षिणेला जाणाऱ्या जहाजाच्या नोंदींत काही ओळी रिकाम्या येतात, म्हणजे आकड्याच्या जागी 'नॅन' छापलेलं दिसतं.

चुंबकीय स्थानिक वेळ (चुंबकीय रेखांशावरून काढलेली वेळ), म्हणजे एमएलटी, साडेपाच तास पुढे धावते. किंवा मध्यरात्रीची सरासरी भर दुपारी दिसते.

मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाच्या, नोंदीतला पूर्व दिशेचा घटक पृथ्वीच्या क्षेत्राच्या गणिती मॉडेलपेक्षा काहीशे नॅनोटेस्लाने (क्षेत्राचं एकक) वेगळा येतो.

यांतली निम्मी लक्षणं पाच मिनिटांत सुटतात. म्हणून क्रम मोडू नका. आधीच मॉडेलचे गुणांक बदलायला बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि चूक निघाली ती फाइलच्या पहिल्या स्तंभात.

आधी एक ओळखीचा बिंदू हाताशी ठेवा

दोनापावलाच्या आसपासचा एक बिंदू घ्या: अक्षांश १५.४५ उत्तर, रेखांश ७३.८० पूर्व. पृथ्वीच्या केंद्रात एक साधा चुंबक ठेवला आहे असं मानून, म्हणजे केंद्रीय द्विध्रुव धरून, २०२० सालच्या ध्रुवाने (त्याचे आकडे चौथ्या तपासणीत आहेत) हिशोब केला की या बिंदूचा चुंबकीय अक्षांश ७.६ उत्तर आणि चुंबकीय रेखांश १४७.५ पूर्व येतो. गोलीय त्रिकोणमितीचं एकच सूत्र लागतं, साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. हा हिशोब हाताने एकदा करून वहीत लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या तपासण्या याच आकड्यांशी ताडून पाहायच्या आहेत.

सॉफ्टवेअर किती अचूक आहे हे यावरून ठरत नाही. पण तुमचं उत्तर दशांशाने चुकलंय की खंडाने, हे लगेच कळतं, आणि बिघाड शोधताना आधी एवढंच कळायला हवं असतं.

पहिली तपासणी: आत काय घातलंय

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असते. काही फंक्शन आधी अक्षांश मागतात, काही आधी रेखांश, आणि दोन्ही आकडे पदरात घेताना संगणक तक्रार करत नाही. ७३.८ उत्तर, १५.४५ पूर्व हा बिंदू नॉर्वे आणि स्वालबार यांच्यामधल्या समुद्रात पडतो. तिथला द्विध्रुवी अक्षांश ७१.६ येतो. म्हणजे गोवा अरोराच्या, ध्रुवीय प्रकाशाच्या, पट्ट्यात गेला. ७१ च्या पुढचा आकडा दिसला की दुसरं काही तपासूच नका, स्तंभांची अदलाबदल सुधारा.

२४.८ आला तर रेखांशाचं चिन्ह उलटं आहे. उणे ७३.८ म्हणजे कॅरिबियन समुद्र, हैतीच्या दक्षिणेला. हाच आकडा आणखी एका कारणाने येतो: द्विध्रुवाच्या ध्रुवाचा रेखांश ७२.७ पश्चिम असतो, तो कोणीतरी पूर्व म्हणून टाइप केलेला असतो. योगायोगाने गोव्याचा पूर्व रेखांश आणि ध्रुवाचा पश्चिम रेखांश जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. दोन्हीकडची चिन्हं बघा.

उणे २३.२ आला तर अक्षांशाचं चिन्ह गेलंय. अंटार्क्टिकाच्या फाइलवर काम करून मग गोव्याची फाइल त्याच प्रोग्राममध्ये घातली की हे होतं, कारण आधीच्या माणसाने सगळ्या अक्षांशांना उणे करणारी ओळ तिथेच सोडलेली असते.

आता दुप्पट रेखांशाची तक्रार. एका विद्यार्थिनीने वहीत ७३.८ आणि १४७.५ शेजारी शेजारी लिहून खाली लाल पेनाने 'दोनदा गुणलंय का?' असं लिहिलं होतं. शंका रास्त होती, ७३.८ ची दुप्पट १४७.६ होते. पण इथे चूक काहीच नाही. भूचुंबकीय रेखांश ग्रिनिचपासून मोजत नाहीत, तो भूचुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक दक्षिण ध्रुव यांच्यातून जाणाऱ्या रेषेपासून मोजतात. गोवा त्या ध्रुवाच्या रेषेपासून सुमारे १४६ अंश पूर्वेला आहे, म्हणून आकडा तिथे जातो. दुपटीशी जुळणं हा निव्वळ योगायोग आहे. खात्री करायची असेल तर चेन्नईचा रेखांश घालून बघा, दुप्पट येणार नाही.

शेवटी अंश आणि रेडियन. जुन्या फोरट्रान प्रोग्राममध्ये सूत्र रेडियन मागतं आणि फाइलमध्ये अंश असतात. उत्तर दर ओळीला उड्या मारत असेल तर हे पाहा.

दुसरी तपासणी: घड्याळ

एमएलटी काढणारं प्रत्येक फंक्शन जागतिक वेळ मागतं. आपल्या नोंदी भारतीय प्रमाणवेळेत असतात. ती तशीच घातली की एमएलटी बरोबर साडेपाच तास पुढे जाते.

पडताळा सोपा आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, गोवा ७३.८ वर. म्हणजे सूर्य गोव्याच्या डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात, जागतिक वेळेप्रमाणे ७ वाजून ५ मिनिटं. ऋतूप्रमाणे हा क्षण पंधरा-सोळा मिनिटं मागेपुढे होतो. ती जागतिक वेळ घालून एमएलटी काढा. १२ च्या अलीकडे-पलीकडे, अर्ध्या तासाच्या आत यायला हवी. साडेसतराच्या आसपास आली तर कारण सापडलं.

मध्यरात्रीची सरासरी दुपारी दिसत असेल तर ती साधी अंकगणिती सरासरी आहे. २३.५ आणि ०.५ यांची सरासरी १२ येते. वेळ कोन समजून, साईन आणि कोसाईन घेऊन सरासरी काढा. रेखांशाची १८० ची शिवण ओलांडणाऱ्या फाइललाही हाच उपाय.

तिसरी तपासणी: उंची

किलोमीटर की मीटर? ४५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाची उंची ४५०००० अशी मीटरमध्ये लिहिलेली असली आणि प्रोग्रामने ती किलोमीटर समजली, तर तुमचा बिंदू चंद्राच्याही पलीकडे जातो. चुंबकीय विषुववृत्तावरच्या (जिथे सुई आडवी राहते त्या रेषेवरच्या) बिंदूचा ॲपेक्स अक्षांश, जो पाचव्या तपासणीत समजावला आहे, मग ८३ च्या घरात येतो. विषुववृत्तावरचा उपग्रह ध्रुवाजवळ दिसला तर उंचीचं एकक तपासा.

याच्यासोबत आणखी एक बारीक गोष्ट पाहून घ्या. जीपीएस देतं तो अक्षांश भूगणितीय (जिओडेटिक), म्हणजे चपट्या पृथ्वीच्या पृष्ठभागाला लंब धरून मोजलेला. द्विध्रुवाचं सूत्र केंद्रापासून मोजलेला अक्षांश मागतं. गोव्यात दोघांत ०.१ अंशाचा फरक पडतो, जमिनीवर सुमारे अकरा किलोमीटर. नकाशा काढायचा असेल तर फरक नगण्य आहे. दोन सॉफ्टवेअरची उत्तरं दुसऱ्या दशांशापर्यंत जुळवायची असतील तर हा फरक डोकं खातो.

चौथी तपासणी: कोणता ध्रुव धरलाय

इथे माझं सगळ्यांत आवडतं लक्षण येतं: चुंबकीय अक्षांश भौगोलिक अक्षांशाइतकाच येणं.

पृथ्वीला 'उत्तर चुंबकीय ध्रुव' म्हणवणारे दोन बिंदू आहेत. एक, भूचुंबकीय ध्रुव: केंद्रातल्या काल्पनिक चुंबकाचा अक्ष जिथे पृष्ठभाग छेदतो तो. २०२० मध्ये तो ८०.७ उत्तर, ७२.७ पश्चिम इथे, कॅनडाच्या एल्समेर बेटावर होता. दुसरा, नती ध्रुव: जिथे मोकळी टांगलेली सुई सरळ खाली बघते तो. २०२० मध्ये तो ८६.५ उत्तर, १६२.९ पूर्व, सायबेरियाच्या बाजूच्या आर्क्टिक समुद्रात होता. बातम्यांत 'चुंबकीय ध्रुव सरकतोय' असं येतं ते या दुसऱ्याबद्दल.

द्विध्रुवाच्या सूत्रात पहिलाच ध्रुव चालतो. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक वेळा दुसरा आधी हाती लागतो, आणि मुलं तो घालतात. गोव्यासाठी उत्तर येतं १५.५. कारण नती ध्रुव गोव्याच्या रेखांशापासून जवळजवळ नव्वद अंशांवर आहे, म्हणून त्याच्या थोड्याशा तिरकेपणाने आपल्या अक्षांशात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. विद्यार्थ्याला वाटतं रूपांतराची ओळ चाललीच नाही, आणि तो तासभर त्या ओळीत छापण्याच्या आज्ञा घालत बसतो. ध्रुवाचे आकडे बदला, ७.६ समोर येईल.

पाचवी तपासणी: कोणता अक्षांश हवाय

वरचं सगळं बरोबर असूनही ७.६, ८ च्या वरचा आणि ९.२ हे तीन आकडे समोर असतील, तर तिन्ही बरोबर असू शकतात. 'चुंबकीय अक्षांश' या नावाखाली किमान चार वेगळ्या राशी वावरतात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतला सर्वांत मोठा भाग इथलाच असतो, म्हणून इथे वेळ घालवा.

द्विध्रुवी अक्षांश आपण पाहिला. एक चुंबक, एक अक्ष, एक सूत्र. गोव्यासाठी ७.६.

नती अक्षांश सुईच्या झुकावावरून काढतात. नती म्हणजे क्षैतिज पातळीपासून सुई किती खाली झुकते तो कोन. गोव्यात तो अठरा अंशांच्या घरात आहे. नतीच्या टँजंटची निम्मी किंमत घ्यायची आणि त्याचा उलट टँजंट काढायचा. १८ अंशांसाठी ९.२ येतात. हा अक्षांश त्या जागेवरच्या खऱ्या क्षेत्राकडे बघतो, म्हणून द्विध्रुवापेक्षा वेगळा असणारच. पृथ्वीचं क्षेत्र एका साध्या चुंबकाचं नाही, त्यात गाठी-खळगे आहेत.

क्वासी-डायपोल अक्षांश काढताना तुमच्या बिंदूतून जाणारी बलरेषा (चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणारी रेषा) तिच्या सर्वांत उंच टोकापर्यंत नेतात आणि त्या टोकाच्या उंचीवरून अक्षांश ठरवतात. जमिनीवरच्या गोव्यासाठी तो साडेसात ते नऊच्या दरम्यान राहतो. गोव्यातून निघणारी बलरेषा दक्षिणेकडे चढत जाते, शंभर-दोनशे किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी माथा गाठते आणि मालदीवच्या बाजूला पुन्हा खाली येते. अंटार्क्टिकाची बलरेषा अवकाशात हजारो किलोमीटर जाते, आणि आपली एवढीशी कमान. आपल्याकडचे निम्मे त्रास या बुटकेपणातून येतात.

ॲपेक्स अक्षांश त्याच टोकावरून निघतो, पण एका बलरेषेवरच्या सगळ्या बिंदूंना तो एकच आकडा देतो. क्वासी-डायपोल मात्र उंचीप्रमाणे बदलतो. जमिनीवर दोघे जवळजवळ सारखे, वर गेलं की फारकत. मिनिकॉयजवळ चुंबकीय विषुववृत्तावर ४५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा क्वासी-डायपोल अक्षांश शून्य येतो, ॲपेक्स अक्षांश १५ येतो. संदर्भ-उंची, म्हणजे जमिनीऐवजी ज्या उंचीपासून मोजायचं ती, ११० किलोमीटर धरली तर १२.९. कोणताही आकडा चुकीचा नाही. ॲपेक्स सांगतो की ही बलरेषा खाली जमिनीला कुठे टेकते. क्वासी-डायपोल सांगतो की इथे, या उंचीवर, तुम्ही चुंबकीय विषुववृत्तापासून किती दूर आहात.

कोणता वापरायचा हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. विषुववृत्तीय विद्युतझोत, म्हणजे चुंबकीय विषुववृत्तावर साधारण शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा वाहणारा प्रवाह, अभ्यासत असाल तर नती अक्षांश किंवा क्वासी-डायपोल घ्या, कारण तो प्रवाह खऱ्या विषुववृत्ताला चिकटून अरुंद पट्ट्यात वाहतो. गोवा त्या पट्ट्याच्या बाहेर आहे, तिरुनेलवेली आत. म्हणूनच तिरुनेलवेलीच्या नोंदीतून पट्ट्याबाहेरच्या अलिबाग वेधशाळेची नोंद वजा करून झोताची ताकद काढतात. थुंबा हे रॉकेट-केंद्र म्हणून निवडलं गेलं तेही चुंबकीय विषुववृत्त तेव्हा तिथून जवळून जात होतं म्हणून, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट सुटलं. प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) बलरेषेवरून सरकतो तो अभ्यास असेल, उदाहरणार्थ चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पंधराएक अंशांवर इलेक्ट्रॉनांची दाटी होते ती, तर उपग्रहाच्या नोंदींना ॲपेक्स बरा. जुना शोधनिबंध पडताळत असाल तर त्यातलाच अक्षांश घ्या, तुमच्या आवडीचा नको.

या पायरीवर फक्त पद्धतीचं नाव विचारायचं असतं. फाइलच्या डोक्यावर नुसतं 'मॅग लॅट' लिहिलेलं असेल तर ती फाइल देणाऱ्याला फोन करा. अंदाज बांधू नका.

सहावी तपासणी: मॉडेलचं वर्ष

क्षेत्र बदलतं, म्हणून दर पाच वर्षांनी नवं आंतरराष्ट्रीय संदर्भ क्षेत्र, आयजीआरएफ, निघतं. सध्या चौदावी आवृत्ती आहे. १९०० च्या ध्रुवाने (७८.७ उत्तर, ६८.८ पश्चिम) दोनापावलाचा हिशोब केला तर ६.४ उत्तर, १४३.९ पूर्व येतो. २०२० च्या ध्रुवाने ७.६ आणि १४७.५. गोवा जागचा हलला नाही, पण चुंबकीय जाळी त्याच्याखालून सव्वा अंश सरकली. जुन्या पुस्तकांतून अलिबागचे चुंबकीय अक्षांश-रेखांश उचलून आजच्या फाइलशी ताडणाऱ्यांचा फरक बहुतेक इथेच निघतो.

दोन सॉफ्टवेअरमध्ये ०.१ ते ०.२ चा फरक उरला असेल तर दोन्हीकडे तारीख एकच आहे का बघा. काही पायथॉन लायब्ररींना तारीख दिली नाही तर त्या आजची तारीख धरतात. २०१२ च्या नोंदींना आजचं क्षेत्र लागतं आणि कोणालाच कळत नाही.

सातवी तपासणी: रिकाम्या ओळी

ही तपासणी कठीण, कारण इथे दुरुस्ती नाही, पद्धत बदलावी लागते.

डिसेंबर १९८१ मध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली, तेव्हापासून इथल्या बऱ्याच फाइलींत एका टोकाला गोवा आणि दुसऱ्या टोकाला बर्फ असतो. ध्रुवीय काम करणारे लोक एएसीजीएम (उंचीनुसार सुधारित भूचुंबकीय निर्देशांक) ही पद्धत वापरतात. १९८९ मध्ये बेकर आणि विंग यांनी ती मांडली, २०१४ मध्ये शेफर्ड यांनी दुसरी आवृत्ती केली. तिथे ती उत्तम आहे. तिचं महत्त्व एका उदाहरणात दिसतं: अंटार्क्टिकावरच्या दोन भारतीय केंद्रांपैकी मैत्री भौगोलिकदृष्ट्या ७०.८ दक्षिणेला, भारती ६९.४ ला. म्हणजे मैत्री ध्रुवाच्या जास्त जवळ. चुंबकीय जाळीत उलटं आहे, मैत्री साधारण ६३ वर आणि भारती साधारण ७५ वर. भारतीवरच्या नोंदी अरोरापट्ट्याच्या ध्रुवाकडच्या बाजूच्या, मैत्रीच्या विषुववृत्ताकडच्या. नकाशाकडे बघून हे सुचणार नाही.

पण एएसीजीएम तुमच्या बिंदूपासून बलरेषा धरून द्विध्रुवाच्या विषुववृत्तीय प्रतलापर्यंत जाते आणि तिथून साध्या द्विध्रुवाच्या रेषेने जमिनीवर उतरते. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या काही बलरेषा त्या प्रतलापर्यंत पोचण्याआधीच जमिनीत शिरतात. त्या बिंदूंना या पद्धतीत अक्षांशच नाही. व्याख्याच लागू होत नाही, म्हणून लायब्ररी 'नॅन' देते. या निषिद्ध पट्ट्याची रुंदी रेखांशाप्रमाणे बदलते, दक्षिण अटलांटिकच्या बाजूला तो रुंद आहे. गोव्याहून केपटाउनकडे जाणारं जहाज चुंबकीय विषुववृत्त ओलांडतं, त्यामुळे मधल्या काही ओळी रिकाम्या येणं स्वाभाविक आहे.

त्या ओळी शेजारच्या आकड्यांवरून भरू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण भरलेले आकडे गुळगुळीत दिसतात, आलेखात शोभतात, आणि पुढचा माणूस त्यांना खरे समजतो. गोव्यासारख्या पट्ट्याच्या काठावरच्या बिंदूंना एएसीजीएमने आकडा दिला तरी त्यावर विसंबू नका. संपूर्ण फाइलला क्वासी-डायपोल लावा, तो विषुववृत्तावरही नीट चालतो. एएसीजीएम हवाच असेल तर फक्त उच्च अक्षांशांच्या ओळींना लावा आणि ते स्तंभाच्या नावातच लिहा.

ॲपेक्समध्येही असंच होतं. संदर्भ-उंची ११० किलोमीटर ठेवली आणि बिंदूची बलरेषा त्याच्याही खाली वळत असेल, तर उत्तर येत नाही. संदर्भ-उंची शून्य करून पाहा.

आठवी तपासणी: घटक आणि स्वतःचं उपकरण

निर्देशांक जुळले, पण क्षेत्राचे घटक जुळत नसतील तर अक्षांची नावं बघा. काही नोंदी भौगोलिक उत्तर, पूर्व आणि खाली अशा असतात. काही नोंदी चुंबकीय उत्तर धरून असतात. गोव्यात दिक्पात, म्हणजे भौगोलिक आणि चुंबकीय उत्तरेतला कोन, एका अंशाच्या आसपास, पश्चिमेकडे. एक अंश म्हणून मुलं सोडून देतात. पण इथलं क्षैतिज क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या घरात असतं, त्याचा एक अंश पूर्व घटकात सुमारे ७०० नॅनोटेस्ला टाकतो. मोठ्या चुंबकीय वादळात आपल्या अक्षांशावरचं क्षेत्र काहीशे नॅनोटेस्लाने हलतं. म्हणजे अक्ष चुकले तर वादळापेक्षा मोठी चूक हाती येते.

उपकरण तुमचंच असेल तर ते कुठे बसवलंय ते जाऊन पाहा. संगणकासमोर बसून हे सुटत नाही. स्लॅबमधली सळई, खाली लावलेली स्कूटर, पाण्याचा पंप, जवळून जाणारी वीज. गोव्यात लोखंडी खनिज असलेले डोंगर आहेत आणि पायाखाली जांभा दगड आहे, त्यामुळे जागेजागी क्षेत्र बदलतं. सेन्सर दहा-पंधरा मीटर सरकवून पुन्हा नोंद घ्या. आकडा बदलला तर तो जागेचा दोष आहे, मॉडेलचा नाही. मॉडेल गाभ्यातून येणारं मोठं क्षेत्र सांगतं, तुमच्या अंगणातल्या दगडाचं नाही.

हा त्रास नवा नाही. १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला आलेल्या जुआंव द कास्त्रोने, जो पुढे इथला व्हाइसरॉय झाला, वाटेत ठिकठिकाणी सुईचा दिक्पात मोजला आणि जहाजावरच्या लोखंडाने सुई बिघडते हे लिहून ठेवलं. मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा विजेच्या ट्राममुळे अलिबागला न्यावी लागली, तिथे १९०४ पासून नोंदी चालू आहेत.

इथे थांबा

पुढच्या परिस्थितींत स्वतः खटपट करू नका.

आकडा होडी, ट्रॉलर किंवा जहाजाच्या होकायंत्रासाठी हवा असेल तर. होडीवरच्या लोखंडाचा परिणाम दर दिशेला वेगळा असतो, तो मॉडेलमधून निघत नाही. त्यासाठी जहाजाचं होकायंत्र जुळवणारा माहीतगार माणूस बोलवावा लागतो, आणि दिक्पात अधिकृत नौकानयन नकाशावरचाच घ्यायचा. विमानाच्या बाबतीतही तेच. दाबोळीच्या धावपट्टीचे ०८ आणि २६ हे आकडे चुंबकीय दिशेचे आहेत, आणि ते कधी बदलायचे हे विमानतळाचे लोक ठरवतात.

खाणीची किंवा जमिनीची हद्द चुंबकीय दिशेवरून जुन्या कागदात लिहिलेली असेल तर. कागदाच्या वर्षाचा दिक्पात, तेव्हाची पद्धत, आणि खनिजाने वाकवलेली सुई, तिन्ही गोष्टी एकत्र येतात. हे परवानाधारक सर्वेक्षकाचं काम आहे. चुकलं तर प्रकरण कोर्टात जातं.

शोधनिबंधासाठी दिक्पात किंवा नती निरपेक्ष मोजायची असेल, आणि सेन्सर सरकवूनही नोंद काहीशे नॅनोटेस्लाने वेगळीच राहत असेल तर. निरपेक्ष मोजमापाला थिओडोलाइट (कोन मोजणारं उपकरण) आणि सराव लागतो. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी पनवेलला आहे, अलिबागची वेधशाळा तिच्याकडेच आहे. त्यांना लिहा.

आणि स्वतःचे गुणांक बसवायचा मोह झाला तर. आयजीआरएफची सगळी गुणांक-सारणी हाताने बदलून 'गोव्यासाठी दुरुस्त' आवृत्ती करण्याचा प्रयत्न करू नका.

कुणालाही लिहिताना एवढं पाठवा: बिंदूचा अक्षांश, रेखांश, उंची आणि त्यांची एककं, जागतिक वेळेतली तारीख-वेळ, पद्धतीचं नाव, मॉडेलची आवृत्ती, लायब्ररीची आवृत्ती, आलेला आकडा आणि दोनापावलाच्या बिंदूसाठी त्याच प्रोग्रामने दिलेला आकडा. नुसता 'चुंबकीय अक्षांश चुकतोय' असा मेल आला तर मला आधी हेच सगळं विचारावं लागतं, आणि त्यात दोन दिवस जातात.